फक्कीची रेघ

बन्सीधर पाथरीच्या कालव्यातून बाहेर आला तेव्हा त्याच्या पुढं दोघंच होते. अंग पुसायला वेळ नव्हता. ओल्या चड्डीवरच त्यानं सायकल उचलली आणि सेलूचा रस्ता धरला.

आधी पोहायचं, मग सायकल, मग पळायचं, आणि मध्ये थांबायचं नाही. असली लांब पल्ल्याची शर्यत या भागात कुणी पाहिलेली नव्हती. सेलूत खेळ शिकवणाऱ्या दिनकररावांनी कुठल्याशा मासिकात तिचा फोटो बघितला आणि त्यांच्या डोक्यात हे खूळ शिरलं. आधी ठरलेली तारीख विद्यापीठाच्या नामांतराच्या बंदमुळे हुकली. मग कालव्याला पुन्हा पाणी सुटेपर्यंत सगळे थांबले.

बन्सीधरचं सेलूत स्टेशनजवळ सायकलचं दुकान होतं. शर्यतीत पहिलं नाव त्यानंच दिलं. पण पळण्याचा शेवट वालूरला आहे म्हटल्यावर त्याचं तोंड उतरलं. वालूर त्याची सासुरवाडी.

दिवाळीत तिथं काय झालं ते सगळ्या सेलूला माहीत होतं. सासऱ्यांनी, म्हणजे व्यंकटरावांनी, धाकट्या जावयाला आधी मानाची टोपी घातली आणि थोरल्याला, म्हणजे बन्सीधरला, नंतर. कारण एवढंच. बन्सीधर भरल्या ताटावरून उठला. "मामा, हा उंबरा मी आता वलांडणार न्हाई," म्हणाला. व्यंकटरावही कमी नव्हते. "जावई सोता उंबरा वलांडून आत येईस्तोवर पोरगी धाडणार न्हाई," असं त्यांनी सांगून टाकलं. दोघं बोलून मोकळे झाले आणि मधल्यामध्ये बन्सीधरची बायको चतुराबाई वालूरला अडकली. तिला काय वाटतं ते कुणी विचारलं नाही, आणि तीही काही बोलली नाही.

तेव्हापासून दुकानाशेजारच्या त्याच्या घराच्या दारात रांगोळी पडली नाही. चतुराबाई हात न उचलता दाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच रेघ ओढायची. ती बघायला गिऱ्हाइकं सायकल धरून उभी राहायची. आता तीच गिऱ्हाइकं विचारत, वहिनी कधी येणार? बन्सीधर ट्यूब पाण्यात बुडवून नसलेलं पंक्चर शोधत बसायचा. सकाळी भाकरी टाकताना हात भाजला की त्याला बायकोची आठवण यायची, आणि नाही भाजला तरी यायची. तिच्यावाचून त्याला करमत नव्हतं. पण ते सांगायचं कुणाला?

मग त्यानं बेत केला. सगळ्या वालूरसमोर शर्यत जिंकायची, ढाल घ्यायची आणि सासऱ्याच्या दाराकडं न बघता माघारी फिरायचं. चतुरा बघेल, बापाशी भांडेल आणि निघून येईल. बेतात अडचण एकच होती. सासुरवाडीत सासरा समोर आला तर जावयाला थांबावं लागतं, पाणी घ्यावं लागतं. तसाच पळत पुढं गेला तर चार गावं नावं ठेवतात. म्हणून वालूर आलं की मान वर करायचीच नाही, असं त्यानं ठरवलं. सासरा दिसलाच नाही म्हटल्यावर कोण काय बोलणार?

दिनकररावांनी त्याची सोयही करून ठेवली होती. गावात गल्ल्या फार, म्हणून वेशीपासून शाळेच्या मैदानापर्यंत पांढऱ्या फक्कीची रेघ असणार होती. खो-खोच्या मैदानावर मारतात तीच फक्की. ते काम वालूरकरांनी अंगावर घेतलं होतं. रेघ धरून या, चुकणार नाही, एवढंच दिनकररावांनी सगळ्यांना बजावलं होतं.

सायकलवर बन्सीधरनं एकाला मागं टाकलं. रस्ताभर बाभळीचे काटे होते, पण पंक्चरवाल्याचं चाक पंक्चर झालं नाही. सेलूत सायकल टाकून तो पळायला लागला तेव्हा पुढं फक्त सूर्यभान उरला होता. सूर्यभान वालूरचाच, नांगर धरून घट्ट झालेला गडी. पण वालूरच्या अलीकडं त्याच्या पिंडऱ्यांना गोळे आले आणि बन्सीधर पुढं निघाला. आता हरायचं कारणच नव्हतं.

वेस आली. त्यानं मान खाली घातली. फक्कीची रेघ दिसली.

दोन्ही बाजूंनी माणसं ओरडत होती. शाळेकडं हलगी वाजत होती. घाम डोळ्यांत उतरत होता आणि रेघेशिवाय त्याला काही दिसत नव्हतं. रेघ डावीकडं वळली, तोही वळला. पुन्हा वळली, पुन्हा वळला. लोकांचा आवाज कमी झाला. हलगी आता पाठीमागून ऐकू यायला लागली. मैदानाला वळसा घातला असेल, असं त्याला वाटलं. रेघ मात्र सुरेख होती. कुठं जाड नाही, कुठं तुटलेली नाही.

मग ती एकदम संपली. बन्सीधरचा पाय लाकडाला अडखळला आणि तो पलीकडच्या सारवलेल्या जमिनीवर पालथा पडला.

लांब शाळेकडं शिट्टी झाली. हलगी कडाडली आणि सूर्यभानच्या नावाचा गलका उठला.

बन्सीधरनं वालुरात पहिल्यांदा मान वर केली. सगळं गाव शर्यत बघायला गेलं होतं. व्यंकटराव तेवढे हट्टानं घरी बसले होते, समोर बाजेवर, हातात अडकित्ता धरून. त्यांनी आधी जावयाकडं पाहिलं, मग त्याच्या पायांमागच्या उंबऱ्याकडं.

"आलात म्हणायचं, जावईबापू," ते म्हणाले. "सोता आलात." आणि त्यांनी आत वळून पाणी मागितलं.

चतुराबाई लगेच बाहेर आली. सेलूला न्यायची पिशवी तिच्या काखेला होती, आणि पाण्याचा तांब्या पुढं करणारे तिचे हात मनगटापर्यंत फक्कीनं पांढरे झालेले होते.