लळा

“कुत्रं की मी, एवढं एकदाचं सांगून टाक, दादा,” बहीण लाकडाच्या वखारीच्या फाटकातच म्हणाली.

घुम्यानं हातातली करवत ओंडक्याला टेकवून ठेवली. वखारीत त्याला सगळे घुम्याच म्हणत. दिवसभर लाकडं कापायची आणि बोलायचे ते चार शब्द, तेही कोणी विचारलंच तर, असा त्याचा खाक्या. बायको जाऊन जमाना झाला होता. मूलबाळ नव्हतं. जगात आपलं म्हणावं असं एकच माणूस उरलं होतं, आणि ते डोळ्यांत पाणी आणून समोर उभं होतं.

“बाहेर अंगणात बांधू त्याला,” तो म्हणाला.

“कुठलं आलंय अंगण? तिसरा मजला आहे. आणि नातीला दमा आहे रे. कुत्र्याचा एक केस उडाला तरी पोर तळमळते. मला काय हौस आहे का?” तिनं डोळे पुसले. “आज संध्याकाळी निघतोय आम्ही. इतक्या लांब, की पुन्हा येणं होईल असं वाटत नाही. नव्या घरात तुझ्यासाठी खोली काढलीय. चल ना.”

फाटकाबाहेर गड्या बसला होता. पिवळट रंग, एका कानाचा तुकडा गेलेला, पाठीवर केस जळाल्याचा चट्टा. दोघांच्या बोलण्याकडे त्याचं लक्ष नव्हतं. तो मान ताणून घुम्याकडेच बघत होता.

घुम्या वखारीत कामाला लागला, त्या पहिल्याच संध्याकाळी हे कुत्रं भर बाजारातून त्याच्या मागे लागलं होतं. कोणाचं, कोण जाणे. मुकादमानं दिलेले जुने बूट चावत होते, अंग मोडून आलं होतं, डोकं आधीच फिरलेलं. “हाड!” म्हणत त्यानं लाथ मारायला पाय उचलला. कुत्रं पुढे आलं आणि बूट चाटू लागलं.

मारायला उचललेला पाय चाटणारं जनावर त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं. पाय तसाच खाली आला. खोलीवर पोचल्यावर त्याला रडू फुटलं, आणि कशाचं, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

तेव्हापासून दोघांची गट्टी जमली. वखार सुटेपर्यंत गड्या फाटकाशी बसून राही आणि घरी जाताना पायांत पायांत घोटाळे. खोलीत मात्र कितीही बोलावलं तरी यायचा नाही. उंबऱ्यापाशी, पायताणांच्या शेजारी मुटकुळं करून पडायचा. सुट्टीच्या दिवशी घुम्या चपला सरकवून दूध आणायला निघाला, तरी हा जागचा हलत नसे. “शिस्तीचा आहे. मी नसलो की घर राखतो,” घुम्या शेजारणीला सांगे, आणि सांगताना त्याची छाती फुगे.

गल्लीतली पोरं गड्याच्या शेपटीला डबा बांधून त्याला पळवत. बेकरीवाल्यानं तर एकदा उकळतं पाणी ओतलं. का, तर दारात बसतो. त्या दिवशी घुम्या आयुष्यात पहिल्यांदा कोणावर तरी ओरडला. इतका, की अख्खी गल्ली गोळा झाली. मग रोज स्वतःच्या हातानं त्यानं त्या पाठीला मलम लावलं. लावताना तो बोलत राही. बायकोबद्दल, न झालेल्या लेकरांबद्दल. माणसांपुढे कधी न निघालेलं सगळं त्या फाटक्या कानात गेलं.

“अरे, मुकं जनावर ते,” बहीण म्हणाली. “उद्या दुसऱ्यानं भाकरी टाकली की त्याच्या मागे जाईल.”

“नाही जायचा.” घुम्यानं मान हलवली. “तुला मुलगा आहे, सून आहे, नात आहे. मी नसलो तरी तुझं चालेल. त्याचं नाही चालायचं. इतका जीव मला आजवर कोणी लावला नव्हता गं.”

बहिणीनं पिशवीतून एक खोकं काढलं. “तुझ्या भाच्यानं घेतलेत. मामाच्या बुटांतून बोटं बाहेर येतात म्हणाला. तिकडे आल्यावर देणार होतो. आता इथेच घाल.”

घुम्यानं आत जाऊन ओंडक्यावर बसून नवे बूट घातले. अगदी मापात बसले. जुन्यांवर मुकादमानं लगेच हात टाकला. बूट वखारीच्या मालकीचे. एकानं सोडले की दुसऱ्याच्या पायात, चामडं फाटेपर्यंत.

“झकास झालं! आजच लागलेला तो नवा माणूस अनवाणीच आलाय बघ,” तो हसत म्हणाला. “तुझ्या आधीचा गेला बिचारा तापानं, पण त्याचे बूट काही मरायला तयार नाहीत.”

बहीण निघाली. कोपऱ्यावर एकदा थांबली. घुम्याला वाटलं, हाक मारावी, धावत जावं, तिचा हात धरावा. त्यानं फाटकाबाहेर पाहिलं. गड्या होता. घुम्या करवत उचलून कामाला लागला.

वखार सुटली. सगळ्यांच्या आधी घुम्या बाहेर आला. दुपारच्या डब्यातली अर्धी भाकरी त्यानं राखून ठेवली होती.

“चल गड्या, आता आपण दोघंच,” तो म्हणाला.

गड्या उठला. जवळ येऊन त्यानं नवे बूट हुंगले. मान वर करून घुम्याच्या तोंडाकडे पाहिलं, पुन्हा बूट हुंगले. समोर धरलेल्या भाकरीला त्यानं तोंड लावलं नाही. मग एकदम त्याचे कान ताठ झाले, शेपटी हलू लागली आणि तो घुम्याच्या पायांना वळसा घालून फाटकाकडे धावला.

फाटकातून तो नवा माणूस दमून बाहेर पडत होता. “हाड!” म्हणत त्यानं लाथ मारायला पाय उचलला.

कुत्रं पुढे आलं आणि बूट चाटू लागलं.