चाचणीचा खड्डा

तुर्कस्तानातल्या अंताक्यात नेबाहत मावशींची बिल्डिंग भूकंपात पडली, त्याला तीन वर्षं झाली. नवी बांधायच्या आधी जमिनीखाली काही जुनं आहे का, ते बघायला चाचणीचा खड्डा घ्यावा लागतो, आणि ते माझं काम. भूकंपानंतर मिळालेल्या गळक्या कंटेनरमधल्या बिऱ्हाडातून मावशी रोज माझ्यासाठी चहा घेऊन यायच्या. "पोरी, काही सापडू देऊ नकोस हं."

चौथ्या दिवशी सापडलंच. रोमन काळातली फरशी, रंगीत खड्यांची, मधोमध मासा. नव्या बिल्डिंगचं काम अडलं.

मावशींनी वाकून पाहिलं. "ह्या रोमन लोकांना राहायला दुसरी जागा नव्हती होय?" त्या हसल्याही नाहीत, रडल्याही नाहीत. "आता काय करणार हिचं?"

"पावसाने खराब होईल ना, मावशी. आठवड्याभरात वर छप्पर घालतील."

घातलंही. परवा पाऊस आला तेव्हा मावशी फरशीच्या कडेला स्टूल टाकून बसल्या होत्या, आणि लेकीला फोनवर सांगत होत्या,



"झालं बाई एकदाचं. आपल्या जागेवर छप्पर आलं."