चौघांचा कौल

"तिनं परत जावं की जाऊ नये, एवढंच सांगा," मोरोपंत म्हणाला.

मोरोपंताच्या ओसरीवर चौघा मित्रांच्या मधोमध कादंबरी उघडी पडली होती. अकोल्याच्या शाळेतल्या मुलांत ती इतक्या हातांतून फिरली होती की शेवटची पानं कुठं गळाली ते कुणालाच ठाऊक नव्हतं. उरलेल्या पानावर नायिका सुलक्षणा दाराशी उभी होती. नवऱ्यानं पाच वर्षांपूर्वी तिला घालवून दिलं, दुसरी आणली, आणि आता मेणा पाठवला होता. बाई मेण्यात बसली की नाही, यावर आठवडाभर वाद चालला होता.

मोरोपंताला आज मात्र घाई होती. बाहेर लिंबाखाली पातूरहून आलेली दमणी, बैलांची हलकी गाडी, उभी होती. त्याच्या थोरल्या बहिणीचं, रमेचं सासर तिथलं. कापसाला भाव आला तसं तिच्या नवऱ्यानं दुमजली घर बांधलं, मूल होत नाही म्हणून रमेला माहेरी पाठवलं आणि दुसरं लग्न केलं. ती दुसरी आता बाळंतपणानंतर अंथरुणाला खिळली, तेव्हा त्याला पहिलीची आठवण झाली. वडील भगवंतराव वकील. खटल्यासाठी अमरावतीला जाताना ते म्हणाले होते, "गाडी आली तर तू ठरव. तू शिकलेला आहेस."

शिकलेल्या मोरोपंताला सकाळपासून काहीच ठरवता आलं नव्हतं. घरची गोष्ट मित्रांपुढं काढायची लाज वाटे. म्हणून त्यानं सुलक्षणेला पुढं केलं. तिचं ठरेल तेच रमेचं, असं त्यानं मनाशी पक्कं केलं होतं.

"नाई जाईन तं राहीन कोठी?" किसनराव म्हणाला. तो बाळापूरकडच्या शेतकऱ्याचा मुलगा, आडपडदा नसलेला. "भाऊ जन्मभर पोसन का तिले?"

हेमचंद्र उसळला. "माणूस आहे ती. गोठ्यातली गाय नव्हे, सोडली अन् बांधली." शेषरावानं मान डोलावली. हेमचंद्र मग असा बोलत सुटला की किसनरावही म्हणाला, "हे बी खरं हाय. नको जाऊ दे."

माजघराच्या दारामागं रमा होती. चौघांनाही ते ठाऊक होतं. पण पुस्तकावर बोलताना घरातली बाई ऐकते आहे, हे कुणाच्या मनात येत नसे.

"तोंडी नको," मोरोपंत म्हणाला. त्या हंगामात वकिलाच्या ओसरीवरसुद्धा पक्षकारांचा कापूस पडलेला असे. त्यानं मूठभर उचलून वाटला. "जावं वाटत असेल तर एक सरकी टाका. जाऊ नये वाटत असेल तर रुई. कुणी कुणाचं पाहायचं नाही."

पाण्याचा तांब्या रिकामा करून त्यानं माजघराच्या दाराआड ठेवला, तशी रमा आत सरकली. एकेकानं जाऊन आत हात घातला.

मोरोपंत शेवटी उठला. तीन रुया पडल्याच आहेत, त्यानं हिशेब केला. आपल्या एका सरकीनं काय बिघडतं? रमा घरीच राहील, आणि वडिलांनी किंवा पातूरवाल्यांनी जाब विचारलाच तर छातीला हात लावून सांगता येईल, मी जा म्हणालो होतो. त्यानं सरकी टाकली आणि त्याला हायसं वाटलं.

"पंत, बाई येऊन राहिल्या का?" अंगणातून गाडीवान नत्थुजीची हाक आली. "मले दिवस असेतोवर पातुराले पोचाचं हाय."

मोरोपंतानं घाईघाईनं तांब्या आणून जमिनीवर उपडा केला.

एक सरकी घरंगळली. दुसरी. तिसरी. चौथी.

कुणी कुणाकडं पाहीना. हेमचंद्राचे कान लाल झाले होते. किसनराव पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत होता. ठरलं होतं, चौघांचं ठरेल ते रमेचं. आणि चौघांचं ठरलं होतं.

शेषरावानं तांब्या सरळ केला आणि थांबला. आत तळाशी काहीतरी चिकटलं होतं. त्यानं ते बोटानं काढलं.

"आपण तर चौघंच," तो म्हणाला.

मोरोपंतानं ते हातात घेतलं. रुईच होती, पण नुसती नव्हे. देवापुढं लावायला बायका वळतात तशी, दोन्ही टोकांना पीळ दिलेली वात होती. इतकी नेटकी वात त्या चौघांपैकी एकालाही वळता आली नसती.

त्यानं माजघराच्या दाराकडं पाहिलं.

"निंगाचं का, पंत?" नत्थुजी पायरीशी आला होता.

मोरोपंत उठून बाहेर गेला. वात त्यानं मुठीत धरली होती.

"कौल लागला, नत्थुजी. एकच मत पडलं. गाडी रिकामी न्या."