दहा युनिटांची मालकीण

चिंतामणरावांनी युनिट ट्रस्टचा छापील फॉर्म काउंटरवर ठेवला आणि मैनाकडे नाही, तिच्या आईकडे पाहिलं. अकोल्याच्या बँकेत वीस वर्षं काढलेल्या माणसाला एवढं कळतं, की सही पोरीची असली तरी होकार कुणाचा लागणार आहे.

“रिटायर व्हाच्या गोष्टी आतापासून काहून?” चतुराबाई पोरीला म्हणाली. “नोकरीले लागून आठ महिने नाही झाले तुले.”

“म्हणूनच तं माय. शाळा खाजगी हाये, पेन्शन नाही. आता टाकलं तं तिथवर वाढते.”

मैना तेवीस वर्षांची होती. साल एकोणीसशे पासष्ट. रिटायर व्हायचं साल तिनं मोजून पाहिलं तेव्हा बरोबर दोन हजार आलं, आणि ते काही तिला साल वाटेना. पण म्हातारपण येणार हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिच्या आईनं सतरा वर्षं गिरणीत सुताच्या लडी केल्या. मग गिरणीनं बायांचं ते खातंच बंद केलं. तेव्हा फंडाचे म्हणून जे पैसे हातात आले, ते मैनाच्या अमरावतीच्या ट्रेनिंगला गेले. आता पन्नाशी उलटल्यावर चतुराबाई लोकांच्या घरी दळणकांडण करत होती. याबद्दल तिनं एक शब्द कधी काढला नाही. मैनाच्या जिवाला मात्र ते लागून होतं. आपल्या म्हातारपणी असं होऊ नये, एवढ्यासाठी ती पहिल्या पगारापासून पैसे बाजूला टाकत होती.

चिंतामणरावांनी समजावून सांगितलं. एकाच कंपनीचा शेअर घेतला आणि ती बुडाली, तर सगळं गेलं. या युनिट ट्रस्टमध्ये हजारो लोकांचे पैसे एकत्र करतात आणि पुष्कळ कंपन्यांत थोडे थोडे लावतात. सिमेंट, साखर, लोखंड, कापड. त्यातला एकेक छोटा वाटा म्हणजे एक युनिट.

“म्हंजे कपाशीच्या ओळींत तुरीचं तास टाकतात, जवारीचं टाकतात, तसं,” चतुराबाई म्हणाली. “एक गेलं तं दुसरं हाती लागते.”

चिंतामणराव खूश झाले. सकाळपासून दोन वकिलांना आणि एका प्रोफेसरांना त्यांनी हेच समजावलं होतं, आणि तिघेही मान हलवून, न समजता निघून गेले होते.

“पण साहेब, कापड म्हनले ना तुमी? मंग त्यात आमची गिरणीबी आली का?”

“नक्की नाही सांगता येणार. आज नसली तर उद्या येईल.”

“तेवढी सोडून बाकीचं देता येते?”

“नाही. आपल्याला निवडता येत नाही. घ्यायचं तर सगळं मिळून घ्यायचं.”

चतुराबाईनं थोडा विचार केला. “म्हंजे माही पोरगी गिरणीची मालकीण होईन.”

“कणभर. पण हो, तसंच म्हणायचं.” चिंतामणराव हसले.

चतुराबाई हसली नाही. “मंग पुढच्या खेपेले बाया काढाच्या असल्या तं हिले इचारतीन ना? मालकाले इचारल्याशिवाय थोडंच काढतात.”

चिंतामणरावांना ‘हो’ म्हणून फॉर्म भरून घेणं सोपं होतं. पण माणूस सरळ होता.

“नाही बाई. युनिटवाल्यांना कुणी काही विचारत नाही.”

“अन् बाया काढून खर्च वाचला, तं हिचे पैसे वाढतीन?”

“वाढू शकतात,” ते खालच्या आवाजात म्हणाले.

मैनाला उभ्या जागी शरम वाटली, जणू गिरणीच्या फाटकाला तिनंच कुलूप घातलं होतं. तिनं फॉर्मची घडी घातली. “राहू दे माय. पोस्टातच टाकू.”

चतुराबाईनं तो तिच्या हातातून काढून घेतला, घडी मोडली आणि परत काउंटरवर पसरला.

“पोस्टातले पैसे काय सरकार उशाले घेऊन झोपते? तेबी कुठंतरी लावतच असंन. का हो साहेब?”

चिंतामणरावांनी मान हलवली.

“मंग? माह्यासारखं म्हातारपण पायजे का तुले?”

हे तिनं रागावून म्हटलं नाही, म्हणूनच मैनाला फार लागलं. डोळे भरून आले. ते पुसून तिनं दौत-टाक पुढे ओढला. दहा युनिटं लिहिली, शाळेचं नाव लिहिलं, पत्ता लिहिला. वरच्या पंख्यानं कागद उडायला लागला तशी चतुराबाईनं आपला तळहात त्याच्यावर दाबून धरला. सूत ओढून ओढून बोटांना पडलेले चरे गिरणी सुटून सहा वर्षं झाली तरी गेले नव्हते.

सहीच्या जागी येऊन मैनाचा टाक थांबला. मागे रांगेत कुणीतरी खाकरलं. चिंतामणरावांनी घड्याळाकडे पाहायचं टाळलं.

“सावकाश कर,” चतुराबाई म्हणाली. “गिरणीतून काढलं त्या दिवशी माहा अंगठा मुकादमानं धरून लावला होता. कागदावर काय हाये तेबी नाही सांगतलं. तुहा हात कोनी धरला नाही.”