चौथं शील

बशी खडखडली आणि चहा निंबाच्या पांढऱ्या सदऱ्यावर सांडला. मुलाचा मामा लोटू याचीच वाट पाहत असल्यासारखा हसला.

"निंबाभाऊ, गुजरातेत तर दारूबंदी आहे. तुम्हाला मिळते कुठून?"

सुरतेतल्या लिंबायतच्या त्या खोलीत दुसरं कोणी हसलं नाही. मुलगा, धम्मपाल, मान खाली घालून बसला. इच्छापोरच्या कारखान्यात तो कायम झाला होता, आणि निंबाची मुलगी स्वप्ना त्याला आवडली होती हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

बेवडा हे नाव निंबाला नवं नव्हतं. पलसाण्याच्या डाइंग मिलमधून मुकादमाने त्याला याच थरथरत्या हातामुळे घरी बसवलं होतं. गल्लीतल्या बाया त्याला पाहून पदराआड कुजबुजत. त्याने मात्र आयुष्यात थेंब चाखला नव्हता.

पुरावा त्याच्या मागे कपाटावर होता, पिशवीत. मेंदूचे फोटो. परवाच दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी ते पडद्यावर दाखवले होते. लाल, निळ्या, हिरव्या धाग्यांचे झुपके.

"काका, या वाटांवरून हाताला निरोप जातो. तुमचा वाटेत अडखळतो. दारूचा काही संबंध नाही."

निंबाचे डोळे भरून आले होते. मग बाई म्हणाल्या, "पण हा कंप बऱ्याचदा रक्तातून येतो. मुलंबाळं आहेत?"

स्वप्ना शेजारीच उभी होती. निंबाने तिच्याकडे पाहिलंच नाही.

आता पिशवी उघडली तर बाप सुटणार होता आणि पोरगी अडकणार होती. बेवड्याची पोरगी लोक नाक मुरडत का होईना, करून घेतात. रोग्याची कोण करतो?

"शोधली की मिळते," निंबा म्हणाला. "घेतो मी."

पंचशीलातलं पाचवं शील, दारू न पिण्याचं, त्याने जन्मभर सांभाळलं होतं. ते मोडल्याचं सांगायला त्याने चौथं मोडलं, खोटं न बोलण्याचं.

लोटू ऐसपैस मागे रेलला. "कबूल केलंत, बरं झालं. दारू काय, आज ना उद्या सुटते. आपण तारखेचं बोलू."

निंबाने सुटकेचा निःश्वास टाकला. तेवढ्यात स्वप्ना आतून आली.

"आबा खोटं बोलतात, मामा. ते पीत नाहीत. त्यांना आजार आहे, आणि तो रक्तातून येतो."

"गप बस, पोरी," निंबा म्हणाला. त्याचा आवाजही आता हातासारखा झाला होता.

ती गप बसली नाही. धम्मपालसमोर जाऊन तिने दोन्ही हात पुढे धरले. बोटांची टोकं बारीक थरथरत होती. निंबाने ते कधी पाहिलं नव्हतं. तिने कधी दिसू दिलं नव्हतं.

"मुलगी बघायला आलात ना," ती म्हणाली, "मग नीट बघा."