गाडीविना विमा

दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल मार्लाचा परवाना गेला, तेव्हा तिने गाडीच विकून टाकली. पण परवाना परत हवा तर आधी विमा दाखवा, गाडी नसली तरी, असा अमेरिकेतल्या आयोवा राज्याचा कायदा. तिने तो महागडा विमा काढला, तेव्हा तिचा भाऊ लाइल पोट धरून हसला. "गाडी विकलीस आणि विमा काढतेस? पायात चप्पल नाही, आणि पॉलिशची डबी घेऊन आलीस होय गं!"

मार्ला बर्फातून सायकल दामटत कामावर जात राहिली, पण हप्ता एकदाही चुकवला नाही.

परवाना हातात आला त्या रविवारी, चर्च सुटल्यावर, लाइलने आपल्या पिकअपची किल्ली तिच्यापुढे धरली. "घे बाई, जिंकलीस. चालव आता."

तिने किल्ली लेकीकडे फेकली. टेसाने ती वरच्यावर झेलली. शिकाऊ परवाना मिळून वर्ष होत आलं, मामा शिकवायला तयार होता, तरी पोरगी एकदाही स्टिअरिंगला बसली नव्हती.

"तू नाही चालवणार? मग एवढा आटापिटा कशाला केलास?" लाइलने विचारलं.

"शिकाऊ पोरीशेजारी परवानावालं माणूस लागतं ना," म्हणत मार्ला शेजारच्या सीटवर चढली.

टेसाने आरसा नीट केला. "मामा, तू मागे बस."