अशी आज्ञा नाही

दिवेलागणीची पूजा आटोपून इंदुताईंनी काळ्या पडद्यावर 'अहो' टाइप केलं. खाली रोजचीच ओळ उमटली, 'अशी आज्ञा नाही.'

"काकू, काकांचं नाव टाक ना!" पुतणी मृणाल फोनवर वैतागली. "नाव टाकल्याशिवाय ते जागे व्हायचे नाहीत. यंत्राला तुझं 'अहो' कसं कळणार?"

"अगं, चाळीस वर्षांत कधी नाव घेतलं नाही. नेम आहे माझा."

"मग बस नेम सांभाळत. गेलेल्या माणसाला यंत्रात वर्षभरच ठेवतात. आज सातला काकांना पुसून टाकतील."

सातला दोन मिनिटं उरली, तेव्हा इंदुताईंनी देवाची क्षमा मागितली आणि लिहिलं, 'त्र्यंबक'.

'कोण?' पडद्यानं विचारलं.

'मी.'

'खोटं. आमची ही माझं नाव घेत नाही.'

इंदुताईंचे डोळे भरून आले. त्यांनी लिहिलं, 'अहो...'

'अगं, तू होय! वर्षभरात एकदाही हाक मारली नाहीस?'

त्यांनी 'रोज' एवढंच लिहिलं आणि सात वाजले.